नळ मोजायचे की माणसे : पुण्याभोवतीचे चार दिवस

आमच्या कर्वेनगरातील ४८ सदनिकांच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला, तेव्हा विकासकाने दिलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकात ‘हरित’ हा शब्द अकरा वेळा आलेला मी मोजला. बँकेत ३१ वर्षे काढल्यामुळे मोजण्याची खोड जात नाही. त्या अकरा ठिकाणी हिरवळ होती, शोभेचे ताड होते, भिंतीवर चढवलेल्या कुंड्या होत्या. परंतु पाणी कोठून येणार आणि भाजीची देठे कोठे जाणार, याविषयी एक ओळही नव्हती. सोसायटीची सचिव या नात्याने नकाशावरील हरकती लिहून देण्याचे काम माझ्या गळ्यात पडले होते. माझे दीर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ते म्हणाले, “वहिनी, कागदावर काही लिहिण्याआधी चार दिवस माझ्याबरोबर फिरा. शहराला पाणी कोण देतं आणि शहर परत काय देतं ते बघा, मग लिहा.” जुलैचा दुसरा पंधरवडा होता आणि पाऊस लागून राहिला होता. ह्यांनाही बोलावले होते, पण गॅलरीतल्या बागेला पाणी कोण घालणार, या सबबीवर हे घरीच राहिले.

पहिला दिवस : कर्वेनगर आणि कोथरूड

पहिल्या दिवशी आम्ही शहराबाहेर पडलोच नाही, कारण भावोजींच्या मते सुरुवात आपल्या जिन्याखालून करायला हवी होती. आमच्या जिन्याखाली चार वर्षांपूर्वी घेतलेले, ओल्या कचऱ्याचे २४ तासांत खत करणारे विजेचे यंत्र धूळ खात उभे आहे. गांडूळखत, पर्जन्यजल संधारण आणि सौर ऊर्जा यांपैकी एक सोय असेल तर महापालिकेच्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत मिळते, या हिशोबाने आम्ही यंत्राची खरेदी केली होती, हे कबूल करायला हवे. यंत्रातून कॉफीच्या रंगाचा सुरेख भुगा पडत असे आणि तो आम्ही मोठ्या कौतुकाने गुलाबांना घातला. पहिल्या पावसात तो भुगा फुगला, त्यावर पांढरी बुरशी चढली आणि कुंड्यांभोवती इतके चिलट झाले की तळमजल्यावरच्या आजींनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. यंत्राने केले होते ते एवढेच की अन्न दळून वाळवले होते. कुजण्याचे काम जिवाणूंचे असते, त्याला दीड-दोन महिने लागतात, आणि ते काम अद्याप सुरूच झालेले नव्हते.

आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या बाई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ही संस्था निघाली. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच विचारले की आमच्या सोसायटीत वर्गीकरण नीट का होत नाही. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “मॅडम, मागच्या विंगेत ओल्यात सुकं येतच नाही. पुढच्या विंगेत रोज येतं. तिथं डबे जिन्याखाली हायेत, अंधारात. कशात काय टाकलं ते टाकणाऱ्याला दिसतच नाही.” आम्ही दोन वर्षे जनजागृतीची पत्रके वाटत होतो. एक दिवा लावला असता तर काम झाले असते.

दुपारी कोथरूडच्या एका मैत्रिणीच्या गच्चीवर गेलो. तिने विटा रचून नऊ-दहा इंच खोलीचे वाफे केले आहेत आणि त्यांत माती जवळजवळ नाहीच. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडे, त्यावर पालापाचोळा आणि मग घरातील ओला कचरा, असे थर आहेत. दोडक्याचा वेल टाकीवर चढला होता आणि अळूची पाने सुपाएवढी झाली होती. घनमीटरभर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या पुढे जाते आणि जुन्या स्लॅबवर ते टाकणे धोक्याचे असते, म्हणून पालापाचोळ्याचे हलके वाफेच गच्चीला मानवतात, असे भावोजींनी सांगितले. मैत्रिणीची रीत सोपी आहे. एक ओंजळ ओला कचरा टाकला की त्यावर तीन-चार ओंजळी सुकी पाने पडलीच पाहिजेत. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर असते, सुक्या पानांत कर्ब, आणि कर्ब नत्राच्या साधारण तीसपट असेल तेव्हाच कुजणे वासाशिवाय होते. तिची सारी धडपड ओल्यासाठी नसून सुक्यासाठी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला पाने जाळली जाण्याच्या आत ती पोती भरून आणते आणि वर्षभर पुरवते. माहितीपत्रकातले ताड मला तेव्हा आठवले. त्यांच्या झावळ्या कुजायला किती काळ घेतील कोण जाणे.

दुसरा दिवस : हडपसर, मुंढवा

कर्वेनगर ते हडपसर या अंतरासाठी दीड तास लागला, त्याविषयी अधिक लिहीत नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यामुळे भिडे पूल पाण्याखाली होता आणि सगळी वाहने उरलेल्या पुलांवर आली होती. नदीच्या काठावर आजही जुलै महिना आला की १२ जुलै १९६१ची, पानशेत फुटल्याची गोष्ट निघते. आमच्या सासूबाई ती दर पावसाळ्यात सांगत, आणि दर वर्षी पाणी एक पायरी वर चढत असे.

मगरपट्टा सिटी मी पूर्वी केवळ तेथल्या बँकेच्या शाखेसाठी पाहिली होती. या खेपेस ती कशी उभी राहिली हे समजून घेतले. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने आपली जवळपास ४०० एकर सलग जमीन विकून न टाकता एकत्र केली, कंपनी स्थापन केली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग, असा हिशोब ठेवला. ऊस निघालेल्या जमिनीवर पैसा बाहेरच्याने करावा आणि मूळ मालकाने तेथेच पहारेकरी व्हावे, हे पुण्याच्या चारही दिशांना घडलेले आपण पाहिले आहे. ते येथे टळले. मधोमध २५ एकरांचे उद्यान आहे, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि गांडूळखत होते, रस्त्याकडेची झाडे आता प्रौढ झाली आहेत. मला ते सारे आवडले. तरीही एक गोष्ट खटकत राहिली आणि ती मी वहीत टिपून ठेवली : येथे माणसाचा वाटा एकरांवर ठरला. ज्याची जमीन नव्हती, तो त्या हिशोबात कोठेच नव्हता. आमच्या पुनर्विकासातही वाढीव जागा प्रत्येकाच्या सध्याच्या चटईक्षेत्राच्या प्रमाणातच मिळणार आहे, म्हणजे नियम तोच.

तेथून मुंढव्याला नदीकाठी गेलो. नदी येथे मुळा-मुठा झालेली असते आणि पुण्याने वापरून सोडलेले पाणी तिच्यात आलेले असते. हेच पाणी उचलून जुन्या मुठा कालव्यात, ज्याला सगळे बेबी कालवा म्हणतात त्यात, सोडले जाते आणि ते लोणी, यवतच्या बाजूच्या शेतीला जाते. शहराने धरणातून जास्त पाणी उचलायचे आणि त्याच्या बदल्यात शुद्ध केलेले साडेसहा टीएमसी पाणी शेतीला परत द्यायचे, असा हा व्यवहार आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. आमच्या सोसायटीत १७० माणसे आहेत. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले तर आम्हाला दिवसाला सुमारे २३ हजार लिटर लागतात आणि त्यांतील ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतात. काठावर उभे राहून मी हा गुणाकार केला. समोर जलपर्णीचा गालिचा पसरला होता, फेस एका बाजूला साचला होता आणि वास असा की भावोजींनी न बोलता रुमाल नाकाला लावला. “आणि हे पाणी इथंच थांबत नाही,” ते नंतर गाडीत म्हणाले. “पुढे कोरेगाव मूळला ते पुन्हा उचलतात आणि पुरंदरच्या डोंगरावर चढवतात. पुरंदर उपसा योजना. तुम्ही सकाळी बेसिनमध्ये ओतलेला साबण उद्या आपल्याला सासवडच्या वरच्या अंगाला भेटेल.”

तिसरा दिवस : दिवे घाट, सासवड, नायगाव

माउलींची पालखी घाट चढून गेल्याला महिना होत आला होता. दिवे घाटात वाहनाच्या काचेवरचा वायपर चालू होता आणि खाली मस्तानी तलावावर धुके उतरले होते; सासवड ओलांडले आणि तोच वायपर कोरड्या काचेवर किरकिरू लागला. ढग डोक्यावर होते, पण ते पुढे जायला निघालेले होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहणे म्हणजे काय, ते मला या आवाजाने समजले. सासवडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. अंजीर आणि सीताफळ ही पुरंदरची दोन्ही पिके थोड्या पाण्यावर येणारी आहेत.

आम्ही आलो होतो ते नायगावला. १९७२च्या दुष्काळात, हजारो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत असताना, विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंता-उद्योजक या तालुक्यात फिरले. १९७४ मध्ये त्यांनी नायगावच्या देवस्थानची ४० एकर उतारावरची, कोणालाही नको असलेली जमीन खंडाने घेतली. उतारावर समतल बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या पोटात विहीर खणली आणि त्या विहिरीचे पाणी पुन्हा वरच्या शेतांना दिले. इतके करणारे अभियंते इतरही झाले आहेत. साळुंखे यांनी पाण्याची वाटणी ज्या नियमांनी बांधली, ते नियम मात्र वेगळे होते. त्याचे नाव पाणी पंचायत.

पाणी जमिनीवर मिळणार नाही, माणसावर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि घरात माणसे कितीही असली तरी कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही. एकट्यादुकट्याला योजना नाही, गटालाच. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी स्वतः उभा करायचा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा हक्क आहे.

शेवटच्या नियमापाशी मी अडखळले. बांधावर एक वयस्कर शेतकरी शेळ्या घेऊन बसले होते. त्यांना मी विचारले, “बाबा, ज्याला जमीनच नाही, तो पाणी घेऊन करणार काय?” ते हसले आणि हातातल्या काठीने त्यांनी जमिनीवर दोन चौकोन काढले. “हा जमीनवाला. वीस एकर हाय, पण पाणी त्याच्या घरातल्या माणसापुरतंच. ह्यो बिगरजमिनीचा. ह्याच्याकडं पाच माणसाचं पाणी हाय. आता सांगा, कोण कुणाच्या दारात जाईल?” काठीचे टोक त्यांनी पहिल्या चौकोनातून दुसऱ्याकडे ओढले. “जमीनवाला येतो. म्हणतो, माझं रान घे वाट्यानं, तुझं पाणी घाल.” शेळी मधून गेली आणि एक चौकोन पुसला गेला.

भावोजी बराच वेळ गप्प होते. ३४ वर्षे त्यांनी ज्या खात्यात काढली, तेथे पाणी लाभक्षेत्राला मिळते आणि पाणीपट्टी पीक व हेक्टर पाहून लागते. माणूस कागदावर येतो तो खातेदार म्हणून. परतताना ते म्हणाले की उसावरची बंदी ही या नियमांतील खरी खोल गोष्ट आहे, कारण वर्ष-दीड वर्ष शेतात उभे राहणारे पीक एकदा लावले की वाटणीचा कोणताही नियम टिकत नाही. मला मात्र आमचे उपविधी आठवत होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतील नळांच्या संख्येवर आणि आकारावर बसतो. नायगावात माणसे मोजतात आणि कर्वेनगरात नळ. मी उत्साहाने म्हटले, “मग आपणही माणशी पैसे घेऊ.” भावोजींनी लगेच चूक दाखवली : “वहिनी, ते माणशी हक्क देतात. तुम्ही माणशी बिल लावायला निघालात. मग तळमजल्यावर दोन खोल्यांत राहणारं सहा जणांचं कुटुंब सगळ्यांत जास्त भरेल आणि टेरेस फ्लॅटमध्ये एकटा राहणारा, गाडी रोज पाइपने धुणारा, सगळ्यांत कमी.” हे खरेच होते.

चौथा दिवस : पौड, कोळवण

चांदणी चौक ओलांडून पिरंगुटच्या पुढे गेलो की पाऊस वेगळा होतो. तो पडत नाही, लोंबकळत असतो. काल ज्या ढगांनी सासवडला पाठ दाखवली होती, ते सगळे येथे रिकामे होत होते. कोळवण खोऱ्यात भातलावणी ऐन भरात होती. ओळखीच्या एका घरचे दाम्पत्य चारसूत्री पद्धतीने इंद्रायणी लावत होते. इंद्रायणी हे वाण १९८७ मधले, मावळातील वडगावच्या संशोधन केंद्राचे. आंबेमोहोराचा सुवास घेऊन आलेले आणि त्याच्यापेक्षा जास्त उतारा देणारे.

चारसूत्री पद्धत कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांची. पूर्वी रोपांसाठी पालापाचोळा व शेण जाळून राब भाजत. त्याऐवजी भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्यात मिसळायची, हे पहिले सूत्र. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडायचा, हे दुसरे. तिसरे म्हणजे नियंत्रित लावणी. १५ आणि २५ सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा केलेली दोरी ताणतात आणि खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावतात, म्हणजे चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो. चौथे सूत्र त्या चौकोनाच्या पोटात असते : युरिया आणि डीएपी ही खते दाबून केलेली २.७ ग्रॅमची एक गोळी.

मी साडीचा ओचा खोचून खाचरात उतरले. गोळी जांभळाच्या बीएवढी, उशीच्या आकाराची असते. मी ती चिखलावर ठेवली, तेव्हा मावशींनी माझा अंगठा धरून खाली दाबला. बोटाची दोन पेरे आत गेली आणि चिखल वरून आपोआप मिटला. “वर ठेवू नका ताई. वर राहिली तर पाणीच खाऊन टाकतं.” युरिया वरून फेकला की त्यातला मोठा भाग पाण्याबरोबर ओढ्याला जातो किंवा हवेत उडून जातो, चिखलात खोल पुरलेली गोळी मुळांना हळूहळू मिळत राहते. गुंठ्याला सुमारे सव्वासहाशे गोळ्या लागतात आणि त्या सगळ्यांचे वजन पावणेदोन किलोच्या आत भरते. मी एका ओळीत चाळीसेक गोळ्या पुरल्या आणि कंबर धरून उभी राहिले. मावशींनी तेवढ्या वेळात तीन ओळी संपवल्या होत्या.

बांधाच्या कडेला २०० लिटरचे निळे पिंपही होते. त्यात जीवामृत होते : दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर यांनी सांगितलेले एका एकराचे प्रमाण. मी मुद्दाम विचारले की युरियाची गोळी आणि जीवामृत एकाच शेतात कसे. काका म्हणाले, “दोघांचं भांडण पुस्तकात. माझ्या शेतात दोघं कामाला.” सेंद्रिय शेतीचे आग्रही लोक यावर नाक मुरडतील. मला मात्र काल-परवा पाहिलेली नदी आठवत होती, आणि तिच्यात न जाणारा प्रत्येक किलो युरिया मला पटत होता.

खोऱ्याच्या तोंडाशी परतताना एका उतारावरची आठ-दहा खाचरे भराव टाकून सपाट केलेली दिसली. तारेचे कुंपण होते, कमान होती आणि कमानीवर ‘निसर्गाच्या कुशीत’ असे लिहिले होते. भाताचे खाचर पावसाचे पाणी वीतभर उंचीने अडवते आणि महिनोन्‌महिने मुरवत राहते. तो बांध मोडून वर गवत लावले की तेच पाणी तासाभरात रस्त्यावर येते. ते आलेलेच होते. आमची गाडी त्यातून हळूहळू काढावी लागली.

रात्री जेवणे आटोपल्यावर नकाशा टेबलावर पसरला. कचरा खोली तळघरात, लिफ्टच्या मागे, सहा फूट बाय चार फूट, बिनखिडकीची दाखवली होती. ती मी पेन्सिलने खोडून प्रवेशद्वाराजवळ, उजेडात आणली आणि शेजारी पाल्याचा खड्डा काढला. ताड खोडले आणि तेथे पानगळीची झाडे लिहिली : बहावा, कडुनिंब, करंज. गच्चीवरच्या वाफ्यांचा भार स्लॅबच्या आराखड्यात आधीच धरावा, ही ओळ भावोजींनी स्वतःच्या अक्षरात घातली. मग पाण्याची बाब आली. प्रत्येक सदनिकेला मीटर, माणशी रोज १३५ लिटरपर्यंत साधा दर, आणि त्यावरच्या पाण्याला चढता दर, असे मी लिहिले. भावोजी वाचून म्हणाले, “रविवारच्या सभेत पहिली हरकत कोण घेणार, ते ठाऊक आहे ना?”

ठाऊक होते. आमच्या घरात नळ नऊ आणि माणसे दोन आहेत, आणि त्यांतील एक माणूस त्या वेळी गॅलरीत, भर पावसाच्या रात्री, पाइप घेऊन उभे होते.